राज्यसेवेची तयारी: विकतची मेंटॉरशिप आणि ऑनलाइन जमलेली माणसं, वर्षभराच्या वापरानंतर

दोन्ही वापरून झालंय, म्हणून लिहायला बसलेय. राज्यसेवा म्हणजे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची अधिकारी भरतीची परीक्षा. तिचा नवा वर्णनात्मक पॅटर्न, मुख्य परीक्षेचे नऊ पेपर, १७५० गुण अधिक मुलाखतीचे २७५ हे वाचणाऱ्यांना पाठ असतं, ती माहिती इथे पुन्हा देत नाही. एका नावाजलेल्या क्लासची ऑनलाइन मेंटॉरशिप मी २०२५ च्या सुरुवातीलाच घेतली. त्याच सुमारास एका मोफत सराव परीक्षेच्या निमित्ताने काही जणांशी ओळख झाली आणि पाच जणांचा व्हॉट्सअ‍ॅप गट झाला. आम्ही एकमेकांना प्रत्यक्ष कधीच भेटलेलो नाही. हाक गावाच्या नावाने: मालेगावच्या आपा, परांड्याचा दादा, वसई, नागपूर आणि मी जालना.

लिहायचं कारण सप्टेंबरच्या शेवटी घडलं. मराठवाड्यात आणि सोलापूर जिल्ह्यात पुराने दाणादाण उडवली होती आणि २८ सप्टेंबरची पूर्व परीक्षा अगदी तोंडावर पुढे ढकलून ९ नोव्हेंबरला नेली. निर्णय योग्यच होता. पाण्याने वेढलेल्या गावातून पोरं केंद्रावर पोचणार कशी? पण दोन दिवसांनी मेंटॉरशिपचं अ‍ॅप उघडलं तर सगळ्याला कुलूप. फोन केला. तिकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमचा प्लॅन अठ्ठावीस तारखेपर्यंतच होता. एक्स्टेंशन घ्यावं लागेल." जाहिरातीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं, पूर्व परीक्षा होईपर्यंत साथ. परीक्षा झालीच नव्हती. तो स्क्रीनशॉट पाठवला, त्यावर "टीमशी बोलून कळवतो." कळवलं कुणीच नाही, उलट खात्यातून १,४९९ रुपये गेले. नोंदणीच्या वेळी ऑटोपेची मंजुरी घेतली होती, तिच्यावरच एक्स्टेंशन वसूल केलं, मला न विचारता.

तुमच्याकडे असलं काही चालू असेल तर आजच यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपेचं पान उघडून मंजुरी रद्द करा. त्यासाठी विकणाऱ्याच्या परवानगीची गरज नसते. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली, तेव्हा कुठे कापलेले पैसे परत आले. मूळ फी गेली ती गेलीच. दवाखान्याच्या रिसेप्शनवर अर्धा दिवस काम करून जे मिळतं त्यातून ती भरली होती. मला त्याचा राग आहे आणि तो कमी व्हायचं काही कारण दिसत नाही.

मेंटॉरशिप पूर्ण टाकाऊ होती असं म्हणणार नाही. चालू घडामोडींच्या पीडीएफ नीट होत्या, सीसॅटचे, म्हणजे पूर्व परीक्षेतल्या आकलन-गणिताच्या पेपरचे, उतारे चांगले निवडलेले होते. पण त्यांचं वेळापत्रक पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत आधीच छापलेलं, आणि आपल्या परीक्षेचा शेवटचा दिवस तर जागेवर राहतच नाही. २०२४ ची पूर्व २५ ऑगस्टवरून १ डिसेंबरला गेली, त्यासाठी पुण्यात मुलं रस्त्यावर बसली होती. तिची मुख्य एप्रिलमधून मेच्या अखेरीस गेली. २०२५ ला पुन्हा पूर्वच सरकली. तारीख हलली की अभ्यासाबरोबर घर, पैसा, लग्न, नवस, सगळंच हलतं. त्या वेळी काय करायचं हे कुठल्याच प्लॅनमध्ये लिहिलेलं नसतं.

परीक्षा पुढे गेल्याची बातमी आली त्या रात्री आपांनी गटात लिहिलं, "आज कुणी पुस्तक उघडू नका. जेवा, झोपा. उद्या ठरवू." सकाळी उठेपर्यंत वसईने मिळालेल्या सहा आठवड्यांचा तक्ता टाकला होता. नवीन काही वाचायचं नाही, रोज एक सीसॅटचा संच, राज्यव्यवस्था आणि भूगोल पुन्हा. तेवढंच. मला त्या सकाळी तेच हवं होतं.

आता व्हॉइस मेसेज. या एका गोष्टीवर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण ऑनलाइन मैत्रीत सगळ्यात जास्त त्रास तिचाच होतो.

दादा टाइप करत नाही. शेतात असतो, हात मातीचे, त्यामुळे बोलतो. सात-आठ मिनिटं सलग. राज्य वित्त आयोगाचं कलम विचारलं तर आधी त्यांच्या ग्रामपंचायतीची गोष्ट, मग सरपंचाची, मग मध्येच बैलाला हाकारणं, आणि पाचव्या मिनिटाला "२४३-आय". ऐकायला बरं वाटतं, पण परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तेच कलम पुन्हा शोधायचं झालं तर? लिहिलेला मेसेज शब्द टाकून सापडतो, आवाज सापडत नाही. दवाखान्यात समोर पेशंट असताना कानाला फोन लावता येत नाही. दुप्पट वेगाने ऐकलं तर दादाचे आकडे कळत नाहीत, पंधरा की पन्नास. त्यात माझा दिवसाचा डेटा ठरलेला, सराव परीक्षा त्याच्यातच द्यायच्या. शेवटी गटात नियम करायला लावला: अभ्यासाचं उत्तर टाइप करूनच, आणि पहिल्या ओळीत कलम किंवा वर्ष. दादा आठवडाभर गप्प होता. मग एका बोटाने टाइप करायला लागला आणि त्याची उत्तरं इतकी नेमकी यायला लागली की मी त्यांची वही केली.

लिहिलेल्या गोष्टींचा फायदा उत्तरतपासणीत सगळ्यात जास्त झाला. पंचायत राजवर एक उत्तर लिहून त्याचा फोटो मी दोन्हीकडे पाठवला होता. मेंटॉरशिपकडून आलं, "गुड अटेम्प्ट, अ‍ॅड मोअर पॉइंट्स." आपांकडून फोटोच परत आला, पहिल्या निम्म्या परिच्छेदावर लाल रेघ मारलेली. बाजूला त्यांच्या बारीक अक्षरात: "७३ वी दुरुस्ती, २४ एप्रिल १९९३, अकरावी अनुसूची, २९ विषय हे सगळेच लिहितात. ग्रामपंचायतीच्या हातात पैसा किती ते लिही. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतले साठ टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले, चाळीसच मोकळे. तुझ्या गावात त्या चाळिसात काय झालं?" मी आमच्या ग्रामसेवकांना जाऊन विचारलं आणि उत्तर नव्याने लिहिलं. आपा उर्दू शाळेत शिकवतात. त्यांना मुख्य परीक्षेच्या मराठीच्या पेपरची भीती आहे. तो ३०० गुणांचा, २५ टक्क्यांवर नुसता पास व्हायचा, पण तेवढे गुण नसतील तर बाकीचं कुणी बघत नाही. त्यांचं सारांशलेखन मी तपासते. हिशेब बरोबरीचा आहे.

मार्च महिना गटाचा सगळ्यात चांगला गेला, आणि त्याचं श्रेय रमजानला. २ मार्चला रोजे सुरू झाले, ५ मार्चला ख्रिस्ती लोकांचा राखेचा बुधवार, म्हणजे वसईचा उपवासकाळही त्याच आठवड्यात. आपा सहरीला, म्हणजे रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणाला, उठायच्या, सहरी झाली की नमाज, आणि मग थेट अभ्यासाला. त्यांनी कुणाला उठायला सांगितलं नाही. पण गटात त्यांचा "झालं, बसते" असा मेसेज पडला की मलाही झोपून राहवेना. हळूहळू सगळेच पहाटे बसू लागलो. वसईने उपवासकाळात रील्स सोडल्या होत्या, मी आणि दादानेही सोडल्या. ३० मार्चला पाडवा आणि ३१ ला ईद, दोन दिवस सुट्टी घेतली. वसईचा गुड फ्रायडे पुढे १८ एप्रिलला होता. तिने आठवण करून दिली की तिचं अजून संपलेलं नाही, तेव्हा रील्स आम्हीही तोवर बंदच ठेवल्या.

श्रद्धेबाबत गटात एक गोष्ट सुरुवातीलाच ठरली होती आणि ती फार उपयोगी पडली: फॉरवर्ड टाकायचे नाहीत. स्वतः जे करतो, घरात जे होतं, तेवढंच बोलायचं. त्यामुळे वाद झाले नाहीत आणि शिकायला मात्र मिळालं. दादाने आपांना श्रीगोंद्याच्या शेख महंमदांबद्दल सांगितलं, मुसलमान घरातले वारकरी संतकवी. आपांना ते माहीत नव्हते. कला-संस्कृतीच्या टिपणात त्यांनी स्वतः त्यांच्यावर अर्धं पान लिहिलं.

मग जून आला आणि दादाची वारी. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दिंडी आहे. वडिलांचे गुडघे गेलेले, त्यामुळे यंदा मुलाने बरोबर चालावं ही त्यांची इच्छा. माउलींची पालखी १९ जूनला आळंदीहून निघणार, आषाढी ६ जुलैला, आणि आयोगाचीच दुसरी, गट-ब ची मुख्य परीक्षा २९ जूनला. म्हणजे पालखी फलटणच्या पट्ट्यात असताना हा परीक्षेच्या हॉलमध्ये. एका रात्री त्याने नियम मोडून लांबलचक व्हॉइस मेसेज टाकला. पहिल्यांदा वाटलं, उद्या ऐकू. मग ऐकला. मध्येमध्ये तो बोलायचा थांबत होता. टाइप केलं असतं तर त्याने फक्त "वारी की परीक्षा, काय करू" एवढंच लिहिलं असतं, आणि आम्ही परीक्षा म्हणून मोकळे झालो असतो.

वसई सगळ्यांत लहान, पण तिनेच नेमकं विचारलं, "दादा, बाबांना वारी चुकायची भीती आहे की एकट्याने चालायची?" आपा म्हणाल्या, "आमच्यात आजारी माणसाला, मुसाफिराला रोजा सोडायची मुभा आहे, नंतर तेवढे दिवस भरून काढायचे. तुमच्यात असं काही नाही का? तुझ्या महाराजांना विचार, आम्हाला नको." हा सल्ला मला फार मोलाचा वाटतो. ऑनलाइन माणसं सहसा दुसऱ्याच्या धर्माचा निकाल स्वतःच देऊन टाकतात. दादाने दिंडीतल्या थोरल्या महाराजांना विचारलं. ते म्हणाले, आषाढी पूर्ण नाही झाली तर कार्तिकी कर, पण जे करशील ते बापाला सांगून कर. मग तो आळंदीपासून सासवडपर्यंत वडिलांबरोबर चालला, त्यांना दिंडीतल्या शेजारच्यांच्या हवाली केलं आणि अभ्यासाला पुण्याला परतला.

सासवडच्या मुक्कामातून त्याचा एक मेसेज आला होता. दिवे घाट चढून पाय सुजलेले, मागे टाळ, भजन रंगात आलेलं. आणि मध्येच त्याच्या वडिलांनी फोन हातात घेतला. "मालेगावच्या ताईला माझा रामकृष्णहरी सांगा. पोरांनो, अभ्यास करा रे, त्याला बी करू द्या." एवढंच. आपांनी तो जपून ठेवलाय, मीही. व्हॉइस मेसेजबद्दलचं माझं मत तिथे बदललं. अभ्यासासाठी आजही नकोच म्हणेन. पण माणूस कोणत्या हालात आहे हे टाइप केलेल्या ओळीतून समजत नाही. नियमाला आम्ही दुरुस्ती केली: घरचं, मनातलं बोलून चालेल, कितीही मिनिटं.

सप्टेंबरच्या पुराने त्यावरही प्रश्न उभा केला. परांडा तालुक्यात सीना फुगली त्या रात्री दादाचा एक व्हॉइस मेसेज आला, तो कुणाच्याच फोनवर उघडला नाही. तिकडे वीज नव्हती, नेटवर्क येत-जात होतं. आम्ही सगळे ते गोल फिरणारं चिन्ह बघत बसलो. पहाटे टाइप केलेला मेसेज पोचला: "आईबाबा शाळेत आहेत. जनावरं सोडली. पुस्तकं गेली." एक आवाज काही तास अडकून राहिला आणि या तीन ओळी पोचल्या. तेव्हापासून गटाच्या वरच ठळक लिहून ठेवलंय: अडचणीत असाल तर आधी एक ओळ टाइप करा, बोला नंतर.

पुढच्या आठवड्यात गटाने जे केलं ते कुठल्याही पॅकेजमध्ये मिळणार नाही. वसईने तिच्या सगळ्या वह्या स्कॅन केल्या. नागपूरचा भाऊ तलाठी आहे, त्याला विचारून नागपूरने लिहून पाठवलं, पंचनाम्यात पिकाचं नुकसान आणि जमीन खरडून गेल्याची नोंद वेगवेगळी करून घे, मदतीचे दर वेगळे असतात, आणि चिखल काढण्याआधी फोटो घे. मेंटॉरशिपचे परत आलेले पैसे मी बालभारतीच्या इतिहास-भूगोलाच्या पुस्तकांवर खर्च केले आणि संच परांड्याला पाठवला. आपा रोज रात्री दादाच्या आईशी फोनवर बोलायच्या.

कार्तिकीचं काय झालं? ती २ नोव्हेंबरला, आणि नवी परीक्षा ९ ला. पुन्हा तोच पेच. या वेळी दादाने कुणाला विचारलं नाही. सकाळच्या एसटीने कुर्डुवाडीमार्गे पंढरपूरला गेला, दर्शनाची रांग बघून कळसाचंच दर्शन घेतलं, चंद्रभागेत पाय बुडवले आणि संध्याकाळी घरी येऊन सीसॅटचा संच सोडवला. गुणही टाकले गटात.

आता उणिवा. पहिली मोठी उणीव म्हणजे गुण. दर रविवारी सगळ्यांनी सराव परीक्षेचे गुण टाकायचे अशी पद्धत पडली होती. नागपूरला ती नको होती, त्याने दोनदा सांगितलं, बाकीच्यांना हवी होती. ऑक्टोबरमध्ये तो गटातून बाहेर पडला. माझ्याशी बोलतो अजून. विजयादशमीला दीक्षाभूमीवरून पुस्तकांच्या स्टॉलवरच्या गर्दीचे फोटो पाठवले, खाली "जय भीम, संविधानाच्या दोन प्रती घेतल्या, एक दादासाठी." असा माणूस गटात नाही हे मला खटकतं. गुणांची सक्ती नसावी असं माझं आता ठाम मत आहे.

दुसरी उणीव, गरज असते तेव्हा यातलं कुणी जवळ नसतं. वडिलांचा रक्तदाब वाढून त्यांना ॲडमिट केलं त्या रात्री चौघांचे फोन आले, पण डबा शेजारच्या काकूंनीच आणला. ऑनलाइन माणसं मिळाली म्हणून गल्लीतली सोडायची नाहीत.

तिसरी गोष्ट उणीव म्हणावी की नाही ठरत नाही: सल्ला फार मिळतो. स्थळांचा विषय निघाला तेव्हा पाच जणांची पाच मतं. कामी आलं ते आपांचं. "नकार देऊ नकोस, तारीख दे." मी घरी सांगितलं, २८ सप्टेंबरनंतर बघू. तारीख सरकली तेव्हा बाबा म्हणाले, तुझ्या आयोगाचं हे असंच चालायचं. मी आपांना सांगितलं. त्यांनी माझ्याशी बोलायच्या आधी आईला फोन लावला. काय बोलल्या दोघी ते मला माहीत नाही, पण आईने बाबांना सांगितलं की मुख्य परीक्षेचा निकाल लागेपर्यंत घरात विषय नको. आई आता आपांना दर शुक्रवारी फोन करते, स्वयंपाकाच्या गोष्टी चालतात, माझा त्यात संबंध नसतो.

तर पैशाच्या हिशेबाने: मेंटॉरशिपला पाचपैकी दीड, तोही पीडीएफसाठी. पुन्हा घेणार नाही. टेस्ट सिरीज मात्र विकतची घ्याच, त्याला पर्याय नाही, पण एकरकमी, ऑटोपेशिवाय, आणि वैधता परीक्षेच्या तारखेपर्यंत की परीक्षा होईपर्यंत हे लेखी विचारून. गटाला साडेचार. अर्धा नागपूरसाठी कापला.

आम्हाला घ्या असं कुणी विचारू नका, गट वाढवणार नाही. तुमचा तुम्ही करा. मोफत सराव परीक्षा दिल्यावर जो माणूस तुमच्या उत्तरातलं नेमकं काय चुकलं ते पान क्रमांकासकट सांगतो आणि स्वतःचं काही विकत नाही, त्याला आधी मेसेज करा. पाचच्या वर जाऊ नका. वेगवेगळ्या जिल्ह्यांतले, शक्य तर वेगवेगळ्या घरांतले घ्या, कारण एकाच अभ्यासिकेतले पाच जण एकाच वेळी खचतात. आणि पहिल्याच दिवशी व्हॉइस मेसेजचा नियम ठरवून टाका.